रजा संपली, थकवा तसाच

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. तिन्ही नोकरदारांच्या घरातून आलेली. नावं वगळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण तशा अवस्थेतली माणसं माझ्या ओपीडीत रोज बसलेली असतात. तिसरं पत्र मात्र छापून येण्याची वाट बघण्यासारखं नव्हतं. त्याबद्दल तिथेच सांगते.

पत्र पहिलं

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. वय ४६. सरकारी बँकेत अधिकारी, सध्या सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक. शाखेत मंजूर पदांपेक्षा दोन माणसं कमी. सकाळी साडेनऊला रीजनल ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज, दुपारी एकला 'आतापर्यंतचा आकडा पाठवा', संध्याकाळी सातला व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग. विमा किती, म्युच्युअल फंड किती, अटल पेन्शन किती. लाडकी बहीण योजना आल्यापासून काउंटरसमोर उभं राहायला जागा नसते, त्यात री-केवायसी. पीक कर्जाला आलेल्या शेतकऱ्यापुढे मीच पॉलिसीचा फॉर्म सरकवतो. मागच्या महिन्यात एक आजी तिसऱ्यांदा आल्या, मशीनवर अंगठा उमटत नव्हता. मी त्यांच्यावर ओरडलो. त्या निघून गेल्या आणि मला काहीच वाटलं नाही. तेच आता खटकतंय.

दिवाळीनंतर एलएफसी, म्हणजे बँकेची प्रवास-सवलत, घेऊन घरच्यांबरोबर केरळला गेलो. तिकडे झोप लागायची, भूक लागायची, मुलांशी पत्ते खेळलो. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी होतो तिथेच. रविवारी दुपारी चारनंतर पोटात गोळा येतो. फॅमिली डॉक्टर म्हणाले, ईसीजी आणि शुगर नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. झोपेसाठी कधी कधी दोन पेग घेतो. बँकेने एका शनिवारी ताणतणावावर वेबिनार ठेवलं होतं, तेही ऐकलं. मागच्या वर्षी एका बचत गटाला बेदाणा पॅकिंगच्या मशीनसाठी कर्ज दिलं होतं. पहिली खेप मुंबईला गेली तेव्हा त्या बायका पेढे घेऊन केबिनमध्ये आल्या, सगळ्यात पुढे होती ती अंगठा लावणारी अध्यक्ष. तो शेवटचा चांगला दिवस. हे डिप्रेशन आहे का? की मीच आळशी झालोय? नोकरी सोडून देऊ का?

उत्तर

आळशी तर तुम्ही नाहीच. आळशी माणसाने त्या आजींबद्दल पत्रात एक ओळही लिहिली नसती. ओरडल्यापेक्षा 'काहीच वाटलं नाही' हे तुम्हाला जास्त लागलंय, आणि मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची खूण तीच वाटते.

बर्नआउट म्हटलं की लोकांना फक्त दमणूक आठवते. बर्कलेच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सुसान जॅक्सन यांच्यासोबत १९८१मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरतात. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. रात्रभर झोपूनही न उतरणारा थकवा. समोरच्या माणसाबद्दल आलेला कोडगेपणा. आणि आपण जे करतोय त्याला काही अर्थ नाही, आपल्याला काही जमत नाही, ही भावना. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. थकवा सगळ्यांना दिसतो, म्हणून घरचे आणि डॉक्टर त्याच्यावरच बोलतात. कोडगेपणा माणूस लपवतो, कारण त्याची लाज वाटते. माझ्याकडे येणारे तलाठी, प्राध्यापक, निवासी डॉक्टर पहिल्या भेटीत झोप आणि ॲसिडिटीबद्दल बोलतात. 'समोर आलेल्या माणसाचं तोंड बघवत नाही' हे वाक्य पुढच्या कुठल्या तरी भेटीत, दार नीट लागलंय ना याची खात्री करून येतं.

आणि ही अवस्था कामचुकारांना गाठत नाही. न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४मध्ये तिच्यावर पहिला शोधनिबंध लिहिला, तो मोफत दवाखान्यात पदरमोड करून, रात्री जागून काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे बघून. कामात जीव ओतणारी माणसंच तिथे आधी कोसळत होती.

आता डिप्रेशनचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा 'आता बर्नआउटही आजार' अशा बातम्या बऱ्याच ठिकाणी झळकल्या. ते चूक होतं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि न सुटलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. तुमच्या दृष्टीने याचा व्यवहारातला अर्थ असा की सिक लीव्हच्या सर्टिफिकेटवर मला निदान म्हणून 'बर्नआउट' लिहिता येत नाही, डिप्रेशन असेल तर लिहिता येतं. म्हणून दोन्हींतला फरक नीट तपासावा लागतो.

तुमच्या बाबतीत त्यातला बराचसा तपास केरळने करून दिला आहे. तिकडे झोप आली, भूक आली, पत्त्यांत मन रमलं. डिप्रेशन माणसाबरोबर प्रवासाला येतं, बॅकवॉटरमध्येही ते उतरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, घरी-दारी-सुटीतही मन उदास, आवडीच्या गोष्टींतही राम नाही, पहाटे लवकर जाग, जेवण तुटलेलं, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटणं, जगू नये असं वाटणं: असं असेल तर ते डिप्रेशन समजून लगेच उपचार घ्यायचे. तुमचं आज तसं दिसत नाही. पण बर्नआउट लांबत गेला की तिकडे सरकतो, आणि सीमारेषेवर असलेला माणूस ती स्वतः ओळखू शकत नाही. पत्रावरून निदान करायचं नसतं. एकदा प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सांगली-मिरजेत त्यांची वानवा नाही.

त्याआधी रक्त तपासा. ईसीजी आणि शुगर एवढ्यावर थांबू नका. थायरॉइडसाठी टीएसएच, शिवाय हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या. थायरॉइड मंद असलं किंवा बी-१२ तळाला गेलेलं असलं तरी माणूस असाच मरगळलेला, चिडचिडा, विसरभोळा होतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते. बायकोला विचारा, तुम्ही जोरात घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का. हो असेल तर झोपेची तपासणी करावी लागेल.

आणि पेग बंद करा. हे मी नीतीच्या नात्याने सांगत नाही. दारूने डोळा पटकन लागतो, पण मध्यरात्रीनंतरची झोप ती मोडून टाकते. तुम्ही जे विश्रांतीसाठी घेताय तेच विश्रांती खातंय. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम आणण्याच्या फंदातही पडू नका. त्या गोळीची सवय लागते, आणि दारूबरोबर ती घेणं जिवावर बेतू शकतं.

केरळहून आल्यावर तिसऱ्याच दिवशी सगळं पूर्ववत झालं याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. इस्रायलमधल्या मीना वेस्टमन आणि डॉव्ह ईडन यांनी १९९७मध्ये कारकुनी काम करणाऱ्यांचा बर्नआउट सुटीच्या आधी, सुटीत आणि सुटीनंतर मोजला होता. सुटीत तो उतरला. कामावर परतल्यावर तीन दिवसांतच त्यातला काही परत आला, आणि तीन आठवड्यांनी तो होता तिथे पोहोचला. म्हणजे तुमचं काही जगावेगळं झालेलं नाही. माणूस परतला ती खुर्ची, ते ग्रुप, ती व्हीसी तीच होती. मडक्याला तडा असेल तर पाणी पुन्हा भरून काय होणार, असं माझे वडील म्हणायचे. तडा कुठे आहे ते बघू.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी पुढे सहा जागा सांगितल्या, जिथे माणसाचं आणि कामाचं बिनसतं: कामाचं ओझं, आपल्या हातातले निर्णय, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. तुमचं पत्र वाचणारा कुणीही ओझ्यावर बोट ठेवेल. दोन माणसं कमी आहेत, ओझं आहेच. पण मी पत्र दोनदा वाचलं, आणि मला दुखरी जागा दुसरीकडे दिसते. गर्दीबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. 'शेतकऱ्यापुढे मीच पॉलिसीचा फॉर्म सरकवतो' हे वाक्य मात्र तक्रारीचं नाही, त्यात स्वतःबद्दलची घृणा आहे. आणि बेदाण्याच्या मशीनपाशी आल्यावर तुमचा सूर बदलतो. खेप मुंबईला गेली, पेढे आले, अध्यक्ष अंगठा लावणारी होती, हे सगळं तुम्हाला आठवतंय. अंगठा लावणाऱ्या बाईला उभं करणारा माणूस अंगठा न उमटणाऱ्या आजींवर ओरडला, म्हणून तुम्हाला रात्री झोप येत नाही. ज्या कामासाठी तुम्ही बँकेत आलात ते आणि जे रोज करावं लागतं ते, यांत अंतर पडलंय. हे अंतर ध्यान-प्राणायामाने मिटत नाही. प्राणायाम जरूर करा, झोपेला मदत होईल. वेबिनारमधून जे जमेल ते घ्या. पण जी जागा रिकामी आहे तिथे माणूसच यावा लागतो, आणि जो फॉर्म मनाविरुद्ध सरकवला जातो तो सरकवणं थांबावं लागतं.

फॉर्मपासून सुरुवात करा. विमा ऐच्छिक आहे आणि बँकेच्या दुसऱ्या कुठल्याही सेवेशी तो जोडायचा नाही, हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. त्या नियमाचा आधार घ्या. पीक कर्जाच्या टेबलावर पॉलिसीचा विषय काढायचा नाही. कर्ज खात्यात जमा झाल्यावर, वेगळ्या दिवशी, ज्याला खरंच विमा लागेल त्याला 'घ्यायलाच हवा असं काही नाही' असं सांगून विचारायचं. आकडा कमी येईल. व्हीसीत बोलणी बसतील, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण मनाविरुद्ध मिळवलेल्या आकड्यावर जी शाबासकी मिळते तिच्यापेक्षा ती बोलणी तुमच्या प्रकृतीला कमी घातक ठरतील, असं माझं ठाम मत आहे.

दोन रिक्त पदांबद्दल फोनवर रडगाणं गाऊ नका. लेखी द्या. रोजचे व्हाउचर किती, काउंटरवरचे ग्राहक किती, मंजूर पदं किती, हजर किती, एवढं एका पानावर मांडून रीजनल ऑफिसला मेल करा आणि दर महिन्याला त्याच मेलवर पुढचा महिना जोडा. अधिकारी संघटनेला प्रत पाठवा. यातून उद्या माणूस मिळेल असं नाही. पण शाखेत एखादी चूक घडली, आणि अशा थकव्यात चुका घडतातच, तर ती एकट्या तुमच्या निष्काळजीपणाच्या खात्यावर जमा होणार नाही.

व्हीसी संपली की फोन दुसऱ्या खोलीत. रात्री साडेआठ ते सकाळी नऊ बँकेचा ग्रुप म्यूट. शाखेचा अलार्म वाजला तर तो ग्रुपवर येत नाही, फोन येतो, म्हणून फोन चालू ठेवला की पुरे.

आणखी एक रजा तुमच्यासाठी असू शकते. संवेदनशील पदावरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न कळवता रजेवर पाठवावं असं रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये बँकांना सांगितलं आहे. हेतू घोटाळे उघडकीला आणण्याचा आहे. पण त्या काळात ऑफिसचा ईमेल सोडून कामाची कुठलीही साधनं त्या माणसाच्या हाती असू नयेत, असंही त्यात आहे. तुमचं पद तुमच्या बँकेच्या यादीत आहे का बघा. ती रजा मिळाली तर केरळही नको. घरी राहा, आणि शाखेतून फोन आला तर 'मला नियमाने बोलता येत नाही' एवढंच सांगा.

नोकरी सोडायची का? आत्ता ठरवू नका. थकलेल्या मनाला दोनच वाटा दिसतात, सहन करा किंवा सोडा. तुमच्याच बँकेत तिसरी आहे. ग्रामीण तरुणांना आणि बायकांना स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण देणाऱ्या आरसेटी संस्था बँकाच चालवतात, आणि तिथे संचालक म्हणून बँकेचा अधिकारी पाठवतात. आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत, अग्रणी बँकेचं काम आहे, स्टाफ ट्रेनिंग कॉलेज आहे. काहींना या नेमणुका बाजूला टाकल्यासारख्या वाटतात, बढतीच्या दृष्टीने त्या कमी मानल्या जातात. तुम्ही बेदाण्याच्या मशीनबद्दल ज्या प्रेमाने लिहिलंय ते वाचून मला वाटतं, तुम्ही आरसेटीसाठी लेखी विनंती करावी. बदलीच्या हंगामाआधी करा.

त्या आजी पुन्हा येतील तेव्हा केबिनमध्ये बसवा, चहा द्या, आणि अंगठ्याऐवजी दुसऱ्या मार्गाने त्यांचं केवायसी तुम्ही स्वतः करून द्या.

पत्र दुसरं

मॅडम, मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. वय २८, गाव लातूरकडचं. बऱ्याचदा व्हेंटिलेटरवरचे दोन-दोन पेशंट माझ्या एकटीकडे असतात. परवा पहाटे चारला सहा नंबरचे काका गेले. त्यांच्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता, आणि मी मनात हिशोब करत होते की बॉडी पॅक करून, फाइल पुरी करून, हँडओव्हरच्या आत सात नंबरचं सक्शन होईल का. नंतर बाथरूममध्ये स्वतःचीच किळस आली. मी वाईट नर्स झाले का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

उत्तर

नाही गं. सात नंबरचा माणूस जिवंत होता आणि त्याच्या नळीत कफ साचत होता. तू त्याचा विचार करत होतीस. आणि काकांच्या मुलीच्या हातातून तू हात सोडवून घेतला नाहीस, हेही तूच लिहिलंयस. ज्या नर्सला आतून काही उरलेलं नसतं तिला बाथरूममध्ये स्वतःची किळस येत नाही.

मला काळजी वाटते ती पुढच्या भागाची. काका गेले, तू सक्शन केलंस, हँडओव्हर दिलास, खोलीवर आलीस आणि पुन्हा रात्री ड्यूटीवर गेलीस. मधे कुठेच त्या मृत्यूला जागा मिळाली नाही. असं महिनोन्महिने चाललं की मन आपलं आपण दार लावून घेतं, आणि मग खरोखरच काही वाटेनासं होतं. तू अजून दाराच्या अलीकडे आहेस.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक पद्धत सुरू केली. रुग्ण दगावला की खाटेभोवतीच्या सगळ्यांनी, डॉक्टरांसकट, पाऊण-एक मिनिट गप्प उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्यांसाठी. मग कामाला लागायचं. पुढे ती अनेक रुग्णालयांनी उचलली. सुरू करणारा कुणी विभागप्रमुख नव्हता, तुझ्यासारखा नर्स होता. एक मिनिट तुमच्या आयसीयूतही निघेल. इन्चार्ज सिस्टरशी बोल. आणि जिच्या खाटेवर मृत्यू झाला तिला दहा मिनिटं मोकळं करायचं, तेवढा वेळ शेजारच्या सिस्टरने दोन्हीकडे बघायचं, एवढं तुम्ही आपसात ठरवलंत तर त्याला मॅनेजमेंटची परवानगी लागत नाही.

एकाच नर्सकडे दोन व्हेंटिलेटर हे मात्र आपसात सोसून घेऊ नका. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक नर्स हा आपल्याकडचा मान्य निकष आहे. ज्या ज्या पाळीत तो मोडला जाईल त्या त्या पाळीत रिपोर्ट बुकमध्ये तारीख, वेळ, खाटांचे नंबर आणि नर्सची संख्या लिही. टीका नको, मत नको, फक्त नोंद. सगळ्या जणींनी लिहिली तर एकटीवर कुणी चिडणार नाही.

सलग तीनपेक्षा जास्त नाइट घेऊ नकोस, मैत्रिणीची बदली करायची असली तरी. खोलीच्या खिडकीला जाड काळा पडदा लाव. पहाटे तीननंतर चहा नको. वर्षभरात फरक पडला नाही तर डायलिसिसला किंवा ओपीडीला सहा महिने बदली मागून घे. त्यात कसलीही माघार नाही. आयसीयूचा अनुभव कुणी काढून घेत नाही. आणि पुढच्या गावच्या खेपेत आईजवळ हे सगळं बोल. घाबरेल म्हणून तू तिला सांगितलं नसशील, पण तिला कळलेलं असतं.

पत्र तिसरं

डॉक्टरताई, माझे मिस्टर हिंजवडीला आयटी कंपनीत मॅनेजर आहेत, वय ३९. टीममधली माणसं कमी केली, काम तेवढंच आहे. रात्री साडेअकराला अमेरिकेचा कॉल असतो. दर रविवारी सिंहगड चढायचे, ते वर्षभर बंद. मुलीच्या वाढदिवसालाही गप्प बसून होते. वजन उतरलंय. पहाटे तीनला उठून हॉलमध्ये बसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला टर्म इन्शुरन्सची फाइल कुठे आहे ते दाखवलं, बँकेचे पासवर्ड लिहून दिले, म्हणाले, तुला माहीत असलेलं बरं. सासूबाई म्हणतात, टेन्शन कुणाला नसतं, विपश्यनेला पाठव. हा बर्नआउट असेल का? मी काय करू?

उत्तर

हे पत्र हाती आलं त्याच दिवशी संपादकांकडून नंबर घेऊन मी या ताईंना फोन केला. फोनवर जे सांगितलं तेच त्यांच्या संमतीने इथे लिहिते आहे, कारण अशी फाइल आणखी काही घरांतही दाखवली गेली असेल.

ताई, सुरुवात कामापासून झाली असेल, पण आता हे बर्नआउटच्या पुढे गेलं आहे. सिंहगड सुटला, मुलीचा वाढदिवस मनापर्यंत पोहोचला नाही, वजन उतरलं, पहाटे तीनची जाग. हे डिप्रेशनचं चित्र आहे. आणि फाइल दाखवून पासवर्ड लिहून देणं ही निरवानिरव असू शकते. नसेलही. काही माणसं खरंच व्यवस्थित असतात. पण या बाकीच्या गोष्टींबरोबर ती आली आहे, तेव्हा विचारल्याशिवाय राहायचं नाही.

आज रात्री विचारा. मुलगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून, शेजारी बसून. आडवळणाने नको. 'तुम्ही फाइल दाखवलीत तेव्हापासून मला भीती वाटतेय. जीव द्यावा असं मनात येतं का?' इतकं सरळ. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट आत एकट्याने धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी ओळखलं म्हणून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर रडारड, शपथा, 'मुलीचा तरी विचार करा' यातलं काही नको. असं ऐकून अपराधीपणा वाढतो, आणि तो आधीच भरपूर आहे. 'बरं झालं सांगितलंत, उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ' एवढंच म्हणा. त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका. घरातल्या झोपेच्या गोळ्या, कीटकनाशक, फिनेल असलं सगळं शेजारी नेऊन ठेवा. रात्री-बेरात्री कधीही १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. मनात पक्का बेत असल्याचं कळलं तर फोनवर थांबू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.

उत्तर 'नाही' आलं तरी दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून त्या सोडू देऊ नका, आणि त्याच दिवसांत जास्त लक्ष ठेवा. विपश्यना आत्ता नको. दहा दिवस मौन आणि स्वतःच्याच मनासोबत एकटं, हे इतक्या खचलेल्या माणसाला झेपत नाही. विपश्यना केंद्रंही प्रवेश अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती याचसाठी. सासूबाईंना हे मधुमेहासारखंच औषधाचं दुखणं आहे असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, म्हणजे घरात वाद राहणार नाही.

कंपनीला काय सांगायचं ही पुढची गोष्ट. निदान झालं की वैद्यकीय रजा मिळते, सर्टिफिकेटवर तपशील किती द्यायचा ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. विम्याचीही धास्ती नको. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावलं आहे. पॉलिसीच्या अटी मात्र वाचून घ्या. कामावर परतताना पहिली अट त्या कॉलची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला असलेली मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला येते, कारण तिकडे घड्याळ बदलतं, आपलं बदलत नाही. ती तिकडच्या सकाळी साडेसातला घेता येते का, किंवा टीममधल्या चौघांत वाटून घेता येते का, हे त्यांच्या वरिष्ठाने ठरवायचं आहे. बऱ्या झालेल्या माणसाला त्याच साडेअकराच्या कॉलवर पुन्हा बसवलं तर औषधांनाही मर्यादा पडतील.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: काय काय सुटलं, केव्हापासून, रात्री कधी झोपतात, कधी उठतात, वजन किती होतं, किती झालं, त्यांच्या घराण्यात कुणाला असा त्रास झाला होता का. ते स्वतः 'थोडं काम जास्त आहे' एवढंच सांगतील.

बाकीच्या वाचकांना एक विनंती. घरात कुणी अशी निरवानिरव करताना दिसलं तर मला पत्र लिहीत बसू नका. पत्र पोहोचून उत्तर छापून येईपर्यंत महिना निघून जातो. १४४१६ला त्याच मिनिटाला फोन करा.